पोलीस भरती: मुंबईला फॉर्म टाकू की साताऱ्यालाच? आणि गोळा सहा मीटर जात नाहीये

माणदेशी_लेक

नमस्कार सगळ्यांना. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी माण तालुक्यातली, वय २२, बीए झालंय, उंची १५७ आहे, प्रवर्ग एनटी-सी. दीड वर्ष झालं तयारी करतेय. सकाळी साडेचारला उठून गावच्या पाझर तलावाच्या कच्च्या रस्त्यावर पळते, मग आठपर्यंत पप्पांना डाळिंबाच्या बागेत मदत आणि दुपारनंतर अभ्यास. मागच्या वेळी फॉर्म भरला होता पण ग्राउंडला (मैदानी चाचणीला) ५० पैकी ३१ आले आणि पेपरच्या यादीत नावच नाही.

आता प्रश्न असा की शिपाई पदाला फॉर्म एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्हा किंवा शहर पोलीस दलात भरता येतो हे सगळ्यांना माहितीच आहे. अकॅडमीतल्या सगळ्या मुली म्हणतात मुंबई टाक तिथे जागा ढीगभर असतात. पप्पा म्हणतात सातारा टाक, घरापासून जवळ. आई तर मुंबईचं नाव काढलं की गप्पच बसते. मला स्वतःला मुंबई शहर पोलीसमधेच जायचंय, का ते नीट सांगता येत नाही, पण लहानपणी एकदाच मुंबईला गेले होते आणि दादर स्टेशनला हरवले होते तेव्हा एका बाई पोलिसांनी मला तासभर स्वतःजवळ बसवून ठेवलं होतं, वडापाव खायला घातला होता, तो चेहरा अजून आठवतो.

टायमिंग सांगते. ८०० मीटर ३ मिनिट ४ सेकंद, १०० मीटर १५ च्या आसपास, आणि गोळा ४.३० च्या पुढे जातच नाही. कुणीतरी खरंखरं सांगा, काय करू.

---

कटऑफ_वाचक

ताई, मुंबईला जागा ढीगभर असतात हे अर्धवट खरं आहे. २०२२-२३ च्या भरतीत मुंबईला शिपायाच्या ७०७६ जागा होत्या, तेव्हा ज्यांनी मुंबई टाकली त्यांचं सोनं झालं. पण पुढच्याच २०२४ च्या भरतीत त्याच मुंबईला २५७२ निघाल्या. निम्म्याहून कमी. पोरांनी मागचं डोक्यात ठेवून फॉर्म भरले. राज्यात २०२२-२३ ला एकूण १८ हजारावर जागा आणि अर्ज १८ लाखाच्या पुढे, २०२४ ला १७ हजारावर जागा आणि १७ लाखाच्या पुढे अर्ज, म्हणजे एका जागेमागे शंभर जण धरा.

म्हणून एकूण आकडा बघूच नका. जाहिरात आली की तुमच्या घटकाचा तक्ता उघडायचा, त्यात भज-क चा (म्हणजे तुमच्या एनटी-सी चा) रकाना बघायचा आणि त्यातल्या महिलांच्या जागा बघायच्या. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधेच, पण एखाद्या छोट्या जिल्ह्यात भज-क च्याच ३ जागा असल्या तर महिलांना १ येते, आणि त्या एका जागेवर त्या जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान मुलगी बसलेली असते. पेपरला सुद्धा प्रवर्गाप्रमाणे एका जागेला दहा असेच बोलावतात. मोठ्या घटकात एक-दोन मार्काने मागे असलेल्याला वाव असतो, छोट्यात नसतो. मी तरी म्हणेन जाहिरात येईपर्यंत मुंबई की सातारा हे ठरवूच नका.

---

वर्दीतली_आई

ताई तुझी दादरची गोष्ट वाचली आणि लिहायला बसले, आत्ताच नाईट संपवून आलेय.

मी सोलापूर जिल्ह्यातली, मुंबई शहरात आठवं वर्ष. आईला काय सांगायचं ते मी सांगते, कारण माझी आई पण अशीच गप्प बसली होती.

आधी काही महिने ट्रेनिंग, ते मुंबईतच होईल असं नाही, खंडाळा, नानवीज, जालना, सोलापूर, कुठेही पाठवतात. तिथे पहिला महिना रडायचा असतो, सगळ्याच रडतात, मग एक दिवस परेडला पाय आपोआप एकत्र पडायला लागतात आणि रडणं थांबतं. मुंबईत आल्यावर क्वार्टर लगेच मिळत नाही हे पक्कं धरून चाल. आम्ही चौघी जणी बदलापूरला एका वन रूम किचनमधे दोन वर्ष राहिलो, पहाटे ४.४० ची लोकल, डब्यात उभं राहून झोपायला शिकलो. महिलांना आठ तास ड्युटीचा आदेश २०२२ च्या जानेवारीत आला, त्यामुळे रोजच्या दिवसाला खूप फरक पडलाय. पण बंदोबस्त असला की आठ तास विसरायचे. गणपती विसर्जन, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, थर्टी फर्स्ट, निवडणुका. किरकोळ रजा १२ च्या २० झाल्यात २०२२ पासून, पण मागितली त्या दिवशी मिळेल असं नाही. माझ्या भावाच्या हळदीला मी नव्हते, लग्नाला अक्षता पडायच्या दहा मिनिट आधी पोचले.

आणि बदली. हे नीट वाच. मुंबईत लागून मग साताऱ्याला बदली करून घेऊ असं मनात असेल तर काढून टाक. आंतरजिल्हा बदलीला वर्षानुवर्ष यादीत थांबावं लागतं आणि गेलं तरी ज्येष्ठता जाते, तिकडे सगळ्यात खालून सुरुवात. मुंबई टाकायची तर मुंबईत आयुष्य काढायची तयारी ठेवून टाकायची.

एवढं सगळं सांगून पण मी म्हणेन ये. मागच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर एक चार वर्षाचं पोरगं सापडलं, बोलेना, नाव सांगेना, नुसती माझ्या शिट्टीची दोरी मुठीत धरून बसलं. रात्री पावणेदोनला त्याची आई आली. दोरी सोडायला तयार नव्हतं ते, शेवटी शिट्टीसकट दिली.

---

गोळा_सर

बाळ, मी तालुक्याच्या ठिकाणी २१ वर्ष पोरं-पोरी तयार करतोय. तुझा प्रश्न मुंबई का सातारा हा नाहीच. तुझा प्रश्न गोळा आहे. आणि तुझ्यासारख्या शेकडो मुलींचा आहे.

हिशोब बघ. महिलांना ८०० मीटरला २० मार्क, १०० मीटरला १५ आणि गोळ्याला १५. २५ आले की पास, पण पास होऊन उपयोग नाही, यादीत यावं लागतं हे तू बघितलंच आहेस. आता ८०० मधे २ मिनिट ५० सेकंदाला पूर्ण २० मिळतात आणि वर दहा-दहा सेकंदाला दोन-दोन मार्क तुटतात. तू ३.०४ वर आहेस, म्हणजे जीव काढून सहा महिन्यात दहा सेकंद कमी केलेस तरी मिळणार दोन मार्क. गोळा ६ मीटरला पूर्ण १५. तू ४.३० वर आहेस. या १.७० मीटरमधे तुझे ८०० च्या कितीतरी पट मार्क पडलेत, आणि ते आणायला रोज अर्धा तास पुरतो. पण सगळ्या पोरी दोन तास पळतात आणि शेवटी दमल्यावर पाच वेळा गोळा फेकून घरी जातात. मी रोज सांगून सांगून थकलो.

आता तंत्र. मुलींचा गोळा ४ किलोचा, मुलांचा ७.२६०. गोळा तळहातावर ठेवायचा नाही, बोटांच्या मुळाशी ठेवायचा, तळव्याला माती लागली तर समज चुकीचा धरलास. हनुवटीखाली मानेला टेकवायचा, कोपर खाली लोंबू द्यायचं नाही. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. पोरी चेंडू मारल्यासारखा खांद्यामागून फेकतात, त्यात अंतर तर जातंच आणि खांदा पण जातो. पाठमोरी किंवा आडवी उभी रहा, उजवा गुडघा वाक, सगळं वजन उजव्या पायावर घे, मग आधी पाय, मग कंबर, मग छाती आणि सगळ्यात शेवटी हात. हात शेवटी. डोळ्यासमोर एखाद्या झाडाचा शेंडा धर आणि त्या दिशेला ढकल, जमिनीकडे बघून टाकलास की गोळा चार मीटरवर आपटतोच.

तिथे तीन संधी देतात. पहिली सरळ उभं राहून सुरक्षित टाकायची, वर्तुळाच्या बाहेर पाय न जाऊ देता. तिन्ही फाउल करून शून्य घेऊन रडत गेलेल्या पोरी बघितल्यात मी, त्यातली एक ८०० मधे पूर्ण २० घेतलेली होती.

---

माणदेशी_लेक

सर मी खांद्यामागूनच फेकते. आजपर्यंत कुणी सांगितलंच नाही. आमच्या अकॅडमीत गोळा एकच आहे आणि मुली ४०, नंबर येतो दोन-तीन वेळा फक्त.

---

गोळा_सर

मग गोळ्यासाठी थांबू नको. चार किलोचं काहीही चालतं सुरुवातीला. जुन्या कपड्याच्या पिशवीत वाळू भर, काट्यावर चार किलो कर, गोल शिवून घे. हाताची सवय लागते. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा, जोर आणि पायऱ्या. खऱ्या गोळ्याला दोन दिवस मिळाले तरी पुरे. आणि रोज टेपने मोजून वहीत लिही.

---

मोहोळचा_संदीप

माझं ग्राउंड ४४ आणि पेपर ८१ होता तरी आज घरी बसलोय. कशामुळे तर नॉन क्रीमीलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. माझ्याकडे होतं, पण जाहिरातीत ज्या मुदतीतलं मागितलं होतं त्या मुदतीतलं नव्हतं, नवीन काढायला टाकलेलं मिळालं ते तारखेच्या नंतर. कागदपत्र तपासणीच्या टेबलावर त्या साहेबांनी दोनदा तारीख वाचली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता फाईल बाजूला ठेवली. प्रवर्गातून काढून खुल्यात टाकलं, खुल्यात मेरीट बसलं नाही.

त्यामुळे ताई तू एनटी-सी आहेस तर हे आजच कर. जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेयर, अधिवास, दहावी-बारावीचं मार्कशीट आणि बोर्डाचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं एका फाईलमधे. सगळीकडे नाव एकसारखं आहे का बघ, वडलांच्या नावात एक वेलांटी जरी इकडची तिकडे असली तरी आत्ताच दुरुस्त करून घे. फॉर्म भरायच्या आठवड्यात सेतूवर गर्दी असते आणि सर्वर बंद पडतो. जात पडताळणी पण आधीच टाकून ठेव, निवड झाल्यावर धावाधाव होते.

---

वर्दीतली_आई

संदीप दादा वाचून फार वाईट वाटलं. वय आहे ना अजून? राखीवला ३३ पर्यंत चालतं, सोडू नको.

---

मोहोळचा_संदीप

२८ पूर्ण होतील. सोडणार नाही. सध्या एका सिक्युरिटीत रात्रपाळी करतो आणि दिवसा पळतो.

---

वकील_काकू

भरतीचे धागे मी नेहमी वाचते, एक गोष्ट कुणीच लिहीत नाही म्हणून लिहिते.

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतात, त्यात विचारलेलं असतं की तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, खटला चालू आहे का. गावात भाऊबंदकीच्या भांडणात सगळ्या घरावर कलमं लागतात, त्यात कॉलेजातल्या मुलाचं नाव पण असतं, मग केस आपसात मिटते आणि घरचे म्हणतात मिटलं ना मग कशाला लिहायचं. तिथेच घात होतो. चारित्र्य पडताळणीत ते निघतंच. निर्दोष सुटलेला मुलगासुद्धा लपवलं म्हणून नोकरीला मुकू शकतो. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, त्याचं सार हेच की माहिती खरी द्या, गुन्हा किरकोळ असेल तर खातं त्याचा विचार करू शकतं, लपवलंत तर तुमची बाजू कमकुवत होते. माझ्याकडे दोन मुलं आली होती अशी. खरं लिहिलेल्याला उशिरा का होईना पण हजर करून घेतलं. दुसऱ्याचं प्रकरण अजून चालू आहे.

लग्न झालेल्या मुलींनी नावाचं आधीच ठरवा. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं असं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र हाताशी पाहिजे.

---

बाप_माणूस_६१

माझा मुलगा २०२४ ला होता. गावातल्या एकाने सांगितलं पाच लाख द्या ग्राउंडला मार्क वाढवून देतो. मी दोन एकर गहाण टाकायला निघालो होतो. पोरानेच अडवलं. म्हणाला पप्पा, पळताना पायाला चिप बांधतात, वेळ मशीन घेतं, कॅमेरे असतात, हा माणूस कुणाच्या हातात पैसे देणार आहे? नाही दिले. पोरगा स्वतःच्या पायावर लागला, सध्या ठाणे शहरला आहे. ज्यांनी त्या माणसाला दिले त्यांचे पैसेही गेले आणि पोरंही लागली नाहीत. आई-वडलांनी हे वाचावं म्हणून लिहिलं, मला टाईप करायला वेळ लागतो.

---

कटऑफ_वाचक

काका, खूप महत्त्वाचं लिहिलंत. पेपरला सुद्धा तेच. २०२३ ला मुंबईच्या पेपरला ब्लूटूथ आणि कानातली बारीक मशीन घेऊन बसलेली पोरं पकडली गेली, आणि गुन्हे दाखल झाले. पोलीस व्हायला निघालेला मुलगा आरोपी होऊन बाहेर आला.

पेपरबद्दल थोडं. १०० मार्क, ९० मिनिटं, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. ४० टक्के पासिंगला लागतात. चुकीला मार्क कापत नाहीत त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. व्याकरणात आपल्या पोरांचे मार्क फुकट जातात, रोज बोलतो ती भाषा आहे म्हणून वाचत नाहीत. समास, प्रयोग, विभक्ती आणि म्हणी पक्क्या केल्या तर ते मार्क हातातले आहेत. गणितात शेकडेवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा. ग्राउंडला ४५ आणि पेपरला ६५ असलेल्यापेक्षा ग्राउंडला ४० आणि पेपरला ८० असलेला पुढे जातो, मेरीट १५० पैकी लागतं हे पोरं विसरतात आणि पेपरला महिना उरला की पुस्तक उघडतात.

---

परिचारिका_कराड

मी दवाखान्यात आहे आणि भाऊ भरती करतोय म्हणून दोन्हीकडचं दिसतं. ग्राउंडच्या आदल्या दिवशी इंजेक्शन, गोळ्या, पावडरी काहीही घेऊ नका. कुणी कितीही सांगो. फेब्रुवारी २०२३ मधे मुंबईत कलिनाच्या ग्राउंडवर १६०० मीटर पळाल्यावर तरुण मुलं कोसळली आणि जीव गेले. ती का गेली यावर मी बोलणार नाही, पण उपाशी पोटी, रात्रभर स्टेशनवर किंवा फुटपाथवर जागून, पाणी न पिता जीव तोडून पळणं हे कुणाच्याच हृदयाला झेपत नाही. जमलं तर आदल्या दिवशी दुपारीच पोचा, नातेवाईक, गावचं मंडळ, समाजाचा हॉल, कुठेही पाठ टेका. पहाटे दोन केळी, थोडे खजूर, घोट घोट पाणी. ताप असेल, छातीत धडधड असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. मुलींनो, पाळीची तारीख त्याच दिवशी येत असेल तरी मनाने गोळ्या घेऊ नका, महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि सगळ्यांनी एकदा ईसीजी आणि हिमोग्लोबिन करून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं. माझ्या भावाच्या बॅचमधल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन ८ निघालं, ती वर्षभर टायमिंग कमी का होत नाही म्हणून रडत होती.

---

नवखा_२००५

उंची १६४.५ आहे, १६५ लागते ना? काही होऊ शकतं का?

---

गोळा_सर

पुरुषांना १६५ लागते, एसआरपीएफला (राज्य राखीव पोलीस दलाला) १६८. सकाळी लवकर मोजून बघ, संध्याकाळी माणूस थोडा कमी भरतो. रोज लटकण्याचा आणि पाठीचा व्यायाम कर, पोक काढून ताठ उभं राहायला शिक, बऱ्याच पोरांचा अर्धा सेंटीमीटर पाठीच्या बाकात असतो. छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच वाढली पाहिजे, ते पण बघून घे.

---

माणदेशी_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार. आठ दिवसांनी लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

नॉन क्रीमीलेयर नवीन काढायला टाकलं. जातीच्या दाखल्यावर आजोबांच्या नावात चूक निघाली, संदीप दादा तुम्ही लिहिलं नसतं तर बघितलंच नसतं. हिमोग्लोबिन ९.८ आलं, डॉक्टर मॅडमनी लोहाच्या गोळ्या चालू केल्या, तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

मुंबईचं अजून ठरवलं नाही. तक्ता बघूनच ठरवणार. पण वर्दीतली ताई, तुमचं लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं, बदलापूरचं, लोकलचं, भावाच्या हळदीचं सगळं, काही गाळलं नाही. दोरीचं वाचलं तेव्हा ती म्हणाली, परत वाच. मग चुलीकडे गेली. रात्री जेवताना पप्पांना म्हणाली, पोरीला वाळूची पिशवी जाड कापडाची लागते, तुमची जुनी पँट द्या.

पिशवी आईनेच शिवली. काल पप्पांनी टेप धरला, हनुवटीखाली टेकवून, झाडाच्या शेंड्याकडे बघून टाकला. ४.८५. वहीत लिहिलंय. सर, हात अजून आधी सुटतो असं वाटतं, पाय आणि हात एकदमच जातात. याला काय करू?

---

गोळा_सर

आठ दिवसात पंचावन्न सेंटीमीटर! शाब्बास बाळ.

आता चार दिवस पिशवी हातात घेऊच नको. दोन्ही हात छातीवर घडी घाल, आडवी उभी रहा आणि नुसता उजवा पाय पिळून कंबर समोर आण. रोज पन्नास वेळा. कंबर समोर आली की तिथे क्षणभर थांब आणि बघ खांदा अजून मागेच आहे का. मागे राहायला लागला की मग पिशवी घे. पप्पांना बाजूने मोबाईलवर शूटिंग घ्यायला सांग आणि इथे टाक, मी रात्री नऊनंतर बघतो.